पाटी ठेवा, नाहीतर कॅमेरा ठेवा : शाळा व्यवस्थापन समितीस खुले पत्र

प्रति,
अध्यक्षा व सर्व सदस्य,
शाळा व्यवस्थापन समिती, आपल्या गावची जिल्हा परिषद शाळा.

अध्यक्षताई, मुख्याध्यापक सर आणि समितीतली सगळी मंडळी, नमस्कार.

मागच्या मंगळवारच्या बैठकीत शाळेच्या वऱ्हांड्यातल्या ‘प्रामाणिकपणाच्या दुकाना’वर कॅमेरा लावायचा ठराव झाला, हे मला बुधवारी सकाळी माझ्याच दुकानात कळलं. सांगणाऱ्याला पाव किलो गूळ पाहिजे होता, बातमी त्यानं वरून फुकट दिली. हे पत्र मी आधी बंद पाकिटात देणार होतो. पण गोष्ट गावातल्या सगळ्याच लेकरांची आहे, म्हणून उघडंच लिहितो. ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा, गटावर टाका, माझी हरकत नाही.

तुम्ही मला ओळखता. बसथांब्याजवळचं किराणा दुकान माझं. पंचवीस वर्षांपूर्वी अमरावती विद्यापीठातून तत्त्वज्ञानात एम.ए. झालो. त्या डिग्रीवर कुठं चिकटता आलं नाही, म्हणून बाबांच्या गादीवर येऊन बसलो. साखर काऊन महाग झाली असं कुणी विचारलं तर मी जरा लांबून सुरुवात करतो, म्हणून पोट्टे मला ‘फिलॉसॉफी भाऊ’ म्हणतात. आजही लांबूनच सुरुवात होणार आहे, तेवढं सांभाळून घ्या. शाळेच्या त्या दुकानातला सगळा माल माझ्याकडून ठोक भावात जातो, त्यावर मी एक पैसा चढवत नाही. तेव्हा या विषयात तोंड घालायचा थोडा हक्क मला असावा.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. जूनच्या शेवटी शाळा उघडली (आपल्याकडे उन्हापायी ती बाकी महाराष्ट्राच्या मागून उघडते) तेव्हा चौथीच्या मॅडमनी वऱ्हांड्यात एक टेबल मांडलं. वर पेन्सिली, खोडरबर, वह्या, पेन. बाजूला भावाचा कागद : पेन्सिल ५ रुपये, खोडरबर ३, पेन १०, वही २०. एक स्टीलचा डबा. दुकानदार कुणी नाही. पाहिजे ते घ्या, पैसे डब्यात टाका, सुट्टे डब्यातूनच घ्या. वर निळ्या रंगात पाटी : प्रामाणिकपणाचं दुकान. दर शनिवारी मॅडम माल मोजतात, पैसे मोजतात आणि एका वहीत लिहून ठेवतात.

दसऱ्यापर्यंत १४२ रुपये कमी भरले. समितीनं त्यावर २१०० रुपयांचा कॅमेरा मंजूर केला आणि पकडलेल्या मुलाला ५० रुपये दंड ठरवला. १४२ रुपये राखायला २१०० रुपये, हा हिशेब मी किराणावाला म्हणून बाजूला ठेवतो. एका सदस्यांनी हा खर्च देणगीतून केलाय, पैसा त्यांचा आहे. माझी अडचण पाटीशी आहे. कॅमेऱ्याखाली ‘प्रामाणिकपणाचं दुकान’ ही पाटी राहणार, की उतरणार?

आता लांबून. ग्रीस देशात अथेन्स नावाच्या गावी सुमारे चोवीसशे वर्षांपूर्वी प्लेटोनं एक ग्रंथ लिहिला. त्यात ग्लॉकन नावाचा तरणा माणूस सॉक्रेटिसाला एका गुराख्याची गोष्ट सांगतो. भूकंपानं जमीन फाटते, गुराखी त्या भेगेत उतरतो, तिथल्या एका मढ्याच्या बोटातली अंगठी काढून घेतो. अंगठीचा खडा आतल्या बाजूला फिरवला की तो कुणालाच दिसत नाही, बाहेर फिरवला की दिसतो. एवढं कळल्यावर हा गडी राजवाड्यात जातो, राणीला वश करतो, राजाला मारतो आणि राज्य घेतो. मग ग्लॉकन विचारतो, अशा दोन अंगठ्या असल्या, एक सज्जनाला दिली अन् एक लुच्च्याला, तर दोघं वेगळं वागतील का? त्याचं म्हणणं, नाही. माणूस नीट वागतो तो लोक पाहतात म्हणून. सॉक्रेटिसाला याचं उत्तर द्यायला उरलेला सगळा ग्रंथ लागला, आणि ते उत्तर पुरं पटलं की नाही यावर आजही वाद आहेत. आपल्या समितीनं मात्र एका बैठकीत, चहाबरोबर, ग्लॉकनच्या बाजूनं निकाल देऊन टाकला.

ही गोष्ट मी गुरुवारी संध्याकाळी दुकानाच्या पायरीवर बसणाऱ्या पोरांना सांगितली. विचारलं, अंगठी भेटली तं काय करशान? एक म्हणाला, मामाच्या गावाले एसटीनं फुकट जाईन. दुसऱ्यानं सरळ माझ्या बरणीकडं बोट केलं. तिसरीतली एक पोरगी मात्र गप्प होती. बराच वेळ विचार करून म्हणाली, “मले नोको बाप्पा. मी कोनाले दिसलीच नाही, तं खेळात घेईन कोन?”

मी एम.ए.ला दोन वर्षं काढली, पण हे उत्तर मला कुणी सांगितलं नव्हतं. ग्लॉकनला दिसणं म्हणजे पाळत वाटते. या पोरीला दिसणं म्हणजे खेळात असणं. कुणीतरी आपल्याला ‘ही अमक्याची, आपल्यातली’ म्हणून ओळखतं, हे तिला अंगठीपेक्षा मोठं वाटतं. कॅमेरा पाहतो, पण तो कुणाला खेळात घेत नाही. गोष्ट सांगून मी दुकान बंद केलं आणि रात्री जेवताना तेच डोक्यात होतं.

याच गोष्टीची उलटी बाजू आपल्याकडे परिपाठातल्या बोधकथेत येते. कर्नाटकातल्या कनकदासांची आख्यायिका तुम्हीही ऐकली असेल. गुरूनं शिष्यांना केळी दिली आणि कुणी पाहणार नाही अशा जागी खाऊन या म्हटलं. कुणी दाराआड खाल्लं, कुणी झाडामागं. कनकदास केळं तसंच घेऊन परत आले. देव पाहत नाही अशी जागाच सापडली नाही म्हणाले. ही गोष्ट आपण लेकरांना कौतुकानं सांगतो आणि मग वऱ्हांड्यात यंत्र टांगतो. देवाच्या नजरेवर आपला एवढाच भरवसा, हे लेकरांनी त्यातून ओळखलं तर चूक त्यांची कशी म्हणावी?

आता थोडं माझ्याबद्दल. इमॅन्युएल कान्ट नावाच्या जर्मन तत्त्वज्ञानं १७८५ साली जे पुस्तक काढलं त्यात चक्क किराणा दुकानदाराचं उदाहरण आहे. हा दुकानदार सगळ्यांना एकच भाव लावतो, लहान लेकरू आलं तरी त्याला ठगवत नाही. कान्ट विचारतो, म्हणून तो प्रामाणिक झाला का? कदाचित गिऱ्हाईक तुटू नये म्हणूनच तो नीट वागत असेल. हे वाचलं तेव्हा मला दुकानात बसावं लागेल असं वाटलं नव्हतं. आता रोज दहा रुपयांची साखर घ्यायला पहिलीतलं पोर येतं, मी वजन बरोबर देतो, आणि स्वतःलाच विचारतो की हा माझा धर्म आहे का त्याच्या आजीची जीभ? खरं सांगू का, नेहमी ठरवता येत नाही. पहिल्या वर्षी एकदा एका म्हातारीनं शंभराची नोट पन्नासाची समजून दिली आणि मी पन्नासाचेच सुट्टे परत केले. ती गेली, मी हाक मारली नाही. दुकानात तिसरं कुणी नव्हतं. दुसऱ्या दिवशी पैसे तिच्या घरी नेऊन दिले, पण ती रात्र मला अजून आठवते. त्या दिवशी डोक्यावर कॅमेरा असता तर मी लगेच हाक मारली असती. आणि ती रात्र मला मिळाली नसती. मी आज जो काही थोडाबहुत बरा दुकानदार आहे तो त्या रात्रीमुळं आहे.

ॲरिस्टॉटल म्हणतो, घर बांधून बांधून माणूस गवंडी होतो, तसा न्यायानं वागून वागून न्यायी होतो. सद्गुण हा सवयीचा मामला. कान्टच्या बोलण्यापेक्षा हे शेतकऱ्याला लवकर पटेलसं मला वाटतं. पण सवय कशाची लागते, ते पाहावं लागेल. ओढाळ ढोराच्या गळ्यात आपण लोढणं बांधतो. लोढणं असतं तोवर ते दुसऱ्याच्या वावरात शिरत नाही. म्हणून त्याचं ओढाळपण गेलं असं कुणी गुराखी म्हणणार नाही. ढोराला लोढण्याची सवय लागते, पीक सोडायची नाही.

समितीतले एकजण शिकलेले आहेत, ते म्हणतील, भाऊ, डोळ्यांचा उपयोग होतो हे सिद्ध झालंय. ते मीच सांगतो. इंग्लंडात न्यूकॅसल विद्यापीठाच्या चहा-कॉफीच्या खोलीत असाच एक पैशाचा डबा होता. संशोधकांनी त्याच्यावर एका आठवड्यात फुलांचं चित्र लावलं, पुढच्या आठवड्यात माणसाच्या डोळ्यांचं, असं दहा आठवडे. डोळ्यांच्या आठवड्यात सुमारे पावणेतीन पट पैसे जमले. २००६ सालचा हा अभ्यास. पुढं इतरांनी अशा प्रयोगांचा आढावा घेतला तेव्हा परिणाम इतका ठाम दिसला नाही, पण धरून चालू की खरा आहे. डबा भरेल. मग मॅडमनी दुकान डबा भरायला काढलं होतं का? डबा भरायचाच असेल तर मी दुपारच्या सुट्टीत माझा पोरगा तिथं बसवतो, कॅमेऱ्याचे पैसे वाचतील.

दंडाचंही तसंच. इस्रायलमध्ये हैफा शहरात काही पाळणाघरांनी लेकरू न्यायला उशिरा येणाऱ्या आईबापांना दंड लावला. उशीर कमी होण्याऐवजी वाढला. आधी मास्तरणीला ताटकळत ठेवल्याची लाज वाटायची, आता उशिराचा भाव ठरला होता. दंड काढून टाकला तरी लाज काही परत आली नाही. पन्नास रुपये दंड लावाल तर आपल्या वऱ्हांड्यातल्या चोरीलाही भाव मिळेल. भावाच्या कागदावर तोही लिहून टाका, वहीच्या खाली.

बैठकीत कुणीतरी असंही म्हणालं म्हणे की चार-दोन पोट्टे चोर आहेत, त्यांच्यापायी सगळ्यांवर नजर. १९२८ साली अमेरिकेत हार्टशोर्न आणि मे या दोघांनी हजारो शाळकरी मुलांना कॉपी करायची, खोटं बोलायची, पैसे उचलायची संधी मिळेल अशा प्रसंगांत घालून पाहिलं. चोर मुलं आणि साव मुलं अशा दोन जाती त्यांना सापडल्या नाहीत. जे पोर इथं कॉपी करायचं ते तिथं करेलच असं नव्हतं. प्रसंग बदलला की वागणं बदलायचं. हे मोठ्या माणसांना लावून पाहा. मी त्या म्हातारीच्या वेळी चोर होतो की साव?

आता मुद्द्यावर येतो, आणि इथं मला पुस्तकं लागत नाहीत.

माझ्या गल्ल्याखाली एक लांबट वही असते. बाबांच्या वेळेपासून तीच तऱ्हा. पेरणीपासून वही फुगायला लागते. पोळ्याला हात तंग, पण बैलाच्या ताटात पुरणपोळी पाहिजे, तान्ह्या पोळ्याला लेकराच्या लाकडी बैलाला झूल पाहिजे. भाद्रपदात तर घरात रुपया दिसत नाही. मग सोयाबीन निघतं, दिवाळीच्या तोंडावर थोडे पैसे येतात. पुढं कापसाची वेचणी लागते, मजुराला बाजाराच्या दिवशी पैसा मिळतो, आणि वही हळूहळू आटते. कुणाची सही नसते, कुणाचा अंगठा नसतो. नाव, आकडा आणि तारीख. एवढ्यावर गावाचं वर्ष चालतं.

२०१७ साली गुलाबी बोंडअळी आली. बोंडं वरून हिरवीगार, फोडली की आत कीड. त्या वर्षी माझी वही तीन लाखांच्या वर गेली आणि दिवाळी झाली तरी आटली नाही. काही लोक दुकानात येऊन तोंडावर सांगून गेले. एक म्हातारा म्हणाला, “अवंदा कापसानं धोका देल्ला बाप्पा. नाव खोडू नोको, पुढच्या हंगामात देतो.” लक्षात घ्या, नाव खोडू नको म्हणाला. कर्ज माफ कर असं तो म्हणत नव्हता. मला वहीत ठेव म्हणत होता. दुसरे काही मात्र माझी गल्ली सोडून मागच्या बोळातून जायला लागले. मला आधी राग आला. मग कळलं की हे बुडवणारे नाहीत, हे लाजलेले आहेत. बुडवणारा माणूस समोरून जातो आणि रामराम घालतो. मी त्यांच्या घरी निरोप पाठवला, मीठ-तेल घेऊन जा, पैशाचं मागून पाहू. ते परत आले. पुढच्या दोन हंगामांत बहुतेक फिटलं. चाळीसेक हजार बुडाले, ते धरूनच मी हे लिहितो आहे. भरवसा फुकट असतो असं मी म्हणत नाही.

मागच्या शनिवारी माल द्यायला शाळेत गेलो तेव्हा मॅडमना त्यांची वही मागितली. समितीसमोर फक्त दसऱ्यापर्यंतची बेरीज आली होती, १४२. मी महिन्यांनी पाहिलं. जुलैत तूट काहीच नाही, एका शनिवारी उलट दोन रुपये जास्त. ऑगस्टमध्ये १८ रुपये कमी. सप्टेंबरमध्ये ८४. ऑक्टोबरात दसऱ्यापर्यंत ४०. मी ते आकडे पाहून उभाच राहिलो. ही माझ्याच वहीची चाल होती. माझी उधारी ज्या महिन्यांत फुगते त्याच महिन्यांत तुमचा डबा आटला.

आणि दिवाळीनंतर? त्या चार शनिवारांचं कुणी पाहिलंच नाही, कारण तूट नव्हती. पहिल्या शनिवारी डब्यात मालापेक्षा २० रुपये जास्त. दुसऱ्या शनिवारी ३५. तिसऱ्याला बरोबर. चौथ्याला ३१. म्हणजे १४२ मधले ८६ रुपये आपोआप परत आले. यातले काही सुट्ट्याच्या घोळाचे असतील, मी सगळे पुरावा म्हणून धरत नाही. पण सप्टेंबरात त्याच डब्यात एक चिठ्ठी निघाली होती, आणि ती बैठकीत वाचून हशा झाला असं मला सांगितलं गेलं. वहीच्या फाटक्या पानावर शिसपेन्सिलीनं लिहिलंय, नाव नाही : “१ वही घेतली. पैशे आईचा चुकारा झाल्यावर टाकतो.” चुकारा म्हणजे येणं असलेले पैसे हाती पडणं.

मंडळी, यात हसण्यासारखं काय होतं? दुकानदार नसलेल्या दुकानात त्या पोरानं उधारीची वही स्वतः उघडली. आपल्या गावात प्रामाणिकपणा ज्या रूपात चालतो, त्या रूपात त्यानं तो केला. रोख पैसे टाकणं एवढाच प्रामाणिकपणा असेल, तर भाद्रपदात या गावात प्रामाणिक माणूस सापडायचा नाही, मला धरून, कारण मीही अमरावतीच्या ठोक व्यापाऱ्याकडे उधार असतो. कॅमेऱ्याला हे पोर वही उचलताना दिसलं असतं. पैसे न टाकताना दिसलं असतं. चुकारा झाल्यावर टाकायचं मनात ठरवलेलं त्याला दिसलं नसतं. पन्नास रुपये दंड मात्र झाला असता.

शाळेच्या भिंतीवर दहा मूल्यं रंगवली आहेत. श्रमप्रतिष्ठा आहे, वक्तशीरपणा आहे, नीटनेटकेपणाही आहे. प्रामाणिकपणा त्या दहांत वेगळा लिहिलेला नाही. मला आधी ती चूक वाटायची. आता वाटतं, बरं झालं, एक तरी गोष्ट लेकरांना भिंतीवरून न वाचता करून पाहायला राहिली. आपल्या शेजारी वर्ध्याला १९३७ साली शिक्षण परिषद भरली, झाकीर हुसेन समिती नेमली गेली, आणि हाताच्या कामातून शिक्षण हा विचार तिथून देशभर गेला. पोरं सूत कातायची आणि त्यातच हिशेब शिकायची. आपलं वऱ्हांड्यातलं टेबल त्याच जातीचं आहे.

आणखी एक. तुमच्या समितीत सातवीतली दोन लेकरं नावापुरती आहेत. मंगळवारी त्यांना बोलावलं नव्हतं. गाडगेबाबा आपल्याच अमरावती जिल्ह्यातले, शाळा न शिकलेले. पण कीर्तनात ते लोकांना प्रश्न विचारायचे, लोकांच्याच तोंडून उत्तर काढायचे, मग पुढचा प्रश्न. सॉक्रेटिस अथेन्सच्या बाजारात हेच करायचा, आणि त्यानंही स्वतः काही लिहून ठेवलं नाही. दोघांपैकी कुणी आपल्या शाळेत आला असता तर कॅमेऱ्याआधी त्यानं पोरांनाच विचारलं असतं, १४२ रुपये कुठं गेले असतील? चोरी आणि उधारी यांत काय फरक? सांगून घेतलं तर, न सांगता घेतलं तर, आणि सांगायची लाज वाटली तर? आपण विचारलं नाही. उत्तर आपल्याला आधीच ठाऊक होतं, असं धरून चाललो.

माझी मागणी छोटी आहे. ठराव एक महिना थांबवा. टेबलावर डब्याशेजारी एक वही ठेवा, दोरीनं पेन्सिल बांधून. ज्याच्याजवळ पैसे नाहीत त्यानं काय घेतलं आणि कधी देणार ते लिहावं. नाव लिहायचं की नाही ते पोरांनाच ठरवू द्या, पण त्यावर एक दिवस त्यांना भांडू द्या, तो तास बुडाला तरी चालेल. वही माझ्याकडून. पहिल्या वर्षी जे बुडेल ते माझ्या खात्यावर टाका.

आणि कॅमेरा बसवायचाच असेल तर बसवा. माल मी देत राहीन, त्याच भावात. फक्त वरची पाटी बदला, नुसतं ‘दुकान’ लिहा. निळ्या रंगाचा अर्धा डबा माझ्याकडे उरलाय, पाहिजे असेल तर पोराला पाठवा.

आपला,
बसथांब्याजवळचा किराणावाला